फोटोतली पट्टी लोंबकळतेय, साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या कारसीटवर अख्खं पान आलं होतं, ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. विषय काढलात त्याबद्दल आधी आभार मानतो, कारण गाडीची टचस्क्रीन किती इंची आणि सनरूफ आहे का नाही यावर पानंच्या पानं भरून येतात आणि मागच्या सीटवर बसवलेल्या दोन वर्षांच्या जिवाबद्दल चार ओळी येत नाहीत. पण लेखासोबत जो मोठा रंगीत फोटो छापलाय ना, त्यात सीट पुढे तोंड करून बसवलीये, मूल छान हसतंय, आणि सीटच्या पाठीमागून एक पट्टी निघून टोकाच्या हुकासकट तशीच लोंबकळतेय. त्याखाली ओळ काय, तर 'आयसोफिक्स : क्लिक केलं की झालं!' साहेब, नाही झालं. त्या लोंबकळणाऱ्या पट्टीचं काम राहिलंय.

मी डॉक्टर नाही की गाडीच्या कंपनीतला इंजिनिअर नाही. मशीन शॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे, एक नात आहे, ती मला आबा म्हणते. हे पत्र लिहायचा अधिकार मला आहे तो एवढ्याचसाठी की तुमच्या फोटोतली चूक मी स्वतः केलीये, आणि थोडीथोडकी नाही, पाच महिने केलीये.

झालं असं की नात दोन वर्षांची होऊन गेल्यावर उलट्या तोंडाची, म्हणजे मूल गाडीच्या मागे तोंड करून बसतं ती, सीट तिला पुरेना, डोकं पार वरच्या कडेला टेकायला लागलं, म्हणून जावईबापूंनी नवीन सीट आणली आणि म्हणाले आबा तुम्ही फिटर, तुम्हीच बसवा. आता असं कोणी म्हटलं की आपली छाती फुगते. मी मागचा दरवाजा उघडून गुडघा सीटवर टेकवला, खालचे दोन्ही लॉक खट्‌ खट्‌ बसवले, दोन्हीकडचे लाल ठिपके हिरवे झाले, आणि राहिली ती वरची पट्टी. ती कुठे अडकवायची म्हणून डिकी उघडली तर कोपऱ्यात खाली एक कडी दिसली, त्यात हुक टाकला, पट्टी ओढून ताठ केली आणि हात झटकले. मॅन्युअल? ते पिशवीतच होतं. फिटरने मॅन्युअल वाचायचं म्हणजे कमीपणा वाटतो ना, तसला प्रकार.

पाच महिन्यांनी टायर पंक्चर झाला म्हणून स्टेपनी काढायला डिकी रिकामी केली तेव्हा ती कडी पहिल्यांदा उजेडात नीट बघितली. प्लास्टिकच्या पॅनेलमध्ये दोन बारक्या स्क्रूवर बसवलेली, पिशव्या घरंगळू नयेत म्हणून जाळी अडकवायची असते ती कडी. बोटाने दाबली तर पॅनेलसकट हलली. मी तिथेच डिकीच्या काठावर बसलो. नात विचारतेय आबा काय झालं, आबा काय झालं, मी काय सांगणार तिला. खरी जागा मागच्या सीटच्याच पाठीवर, डिकीच्या बाजूने, कार्पेटला पाडलेल्या एका चिरेच्या आत होती, वर छोटंसं नांगराचं चित्र, आणि आत सीटच्या फ्रेमला वेल्ड केलेली जाड सळई. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. पाच महिने.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय, घरातले कंटाळलेत, म्हणून आता तुम्हाला लिहितोय.

आधी हे खालचे दोन लॉक, म्हणजे तुमच्या ओळीतलं आयसोफिक्स, काय असतं ते सांगतो. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घातली की आत दोन आडव्या सळया लागतात, गाडीच्या बॉडीला पक्क्या. मी व्हर्नियर लावून बघितलं, सळई ६ मिलिमीटर. दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंत स्टीलची पट्टी धरली, २८० मिलिमीटर. मग शेजाऱ्यांच्या गाडीत डोकं घातलं, ते म्हणाले काय हरवलं का, तिथेही ६ आणि २८०. गाडी कुठल्याही देशाची, कुठल्याही कंपनीची असो, हा आकडा ठरलेला, कारण हे आंतरराष्ट्रीय मानकात बसवलंय, आयएसओ १३२१६, १९९९ सालचं. म्हणून तर एका कंपनीची सीट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसू शकते. अमेरिकेत यालाच लॅच म्हणतात आणि तिथे १ सप्टेंबर २००२ नंतर बनलेल्या प्रवासी गाड्यांमध्ये या जागा देणं सक्तीचं आहे. तिकडच्या बऱ्याच सीटना कडक लॉकच्या ऐवजी पट्ट्यावरचे हुक असतात, ते अडकवून पट्टा हाताने आवळावा लागतो, पण सळई तीच.

हे सगळं कशासाठी केलं, तर त्याआधी मुलांच्या सीट गाडीच्या बेल्टनेच बांधायला लागायच्या आणि बेल्टने बांधणं ही एक कलाच आहे, बेल्ट चुकीच्या खाचेतून जातो, पीळ पडतो, ढिला राहतो, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून ठरवलं की सीट थेट गाडीच्या सांगाड्याला जोडू, मध्ये बेल्ट नकोच. विचार एकदम शंभर नंबरी आहे, मला फिटर म्हणून फार आवडला. पण एक लक्षात ठेवा, बेल्टने नीट घट्ट बांधलेली सीट ही लॉकवाल्या सीटपेक्षा कमी सुरक्षित नसते, फरक फक्त चूक होण्याच्या शक्यतेचा आहे. ज्यांच्या गाडीत या सळया नाहीत त्यांनी हळहळत बसू नये, बेल्ट शिकून घ्यावा. आणि दोन्ही एकदम लावलं की डबल मजबूत होईल असंही करू नये, सीट बनवणाऱ्याने तसं लिहून दिलं नसेल तर दोन्हीपैकी एकच, कारण त्या सीटची चाचणी तशी दोन्ही लावून झालेली नसते.

आता मुख्य मुद्दा, ती वरची पट्टी. तिला टॉप टेदर म्हणतात. साधं गणित आहे, खालचे दोन पॉइंट एकाच आडव्या रेषेत आहेत, म्हणजे काय झालं, बिजागरी झाली. दरवाजाला दोन बिजागऱ्या एका रेषेत असतात म्हणून तो फिरतो, तसंच गाडी समोर धडकली की सीटचा खालचा भाग जागेवर राहतो आणि वरचा भाग मुलाच्या डोक्यासकट पुढे झुकतो. ही गिरकी थांबवायला तिसरा पॉइंट पाहिजे आणि तो वर, मागच्या बाजूला पाहिजे. अमेरिकेच्या २१३ नंबरच्या नियमात पुढे तोंड असलेल्या सीटच्या चाचणीत डोकं किती पुढे गेलेलं चालेल त्याला मर्यादा आहे, टेदर न लावता ८१३ मिलिमीटर आणि टेदर लावून ७२०. म्हणजे ९३ मिलिमीटरचा फरक, जवळजवळ चार बोटं रुंद. पुढच्या सीटची पाठ आणि मुलाचं कपाळ यात ती चार बोटं उरली तर किती आणि नाही उरली तर किती, हे मला वेगळं सांगायला नको.

आणि जोर किती येतो तेही बघा, मी वहीत मांडलंय. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. भिंतीला धडकून गाडी एक दशांश सेकंदात थांबली असं धरलं तर मुलाच्या वजनाच्या साधारण चौदा पट ओढ बसते, ही सरासरी झाली, मधल्या क्षणी त्याहून जास्त. १२ किलोची नात अधिक १० किलोची सीट, २२ गुणिले १४, तीनशे किलोच्या वर. माझी ती पिशव्यांची कडी दोन स्क्रूवर होती साहेब.

आमची ही म्हणायची, लांब कुठे जायचंय, मी मांडीवर घट्ट धरते की. तिला हेच गणित करून दाखवलं, नुसती नात जरी धरली तरी १२ गुणिले १४, दीडशे किलोच्या वर, आणि ते पण सावध नसताना, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तिने वही बघितली, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून नात रडली तरी सीटमधून काढत नाही, गाडी बाजूला थांबवून मगच काढते.

टेदरची जागा शोधायची कुठे, तर प्रत्येक गाडीत वेगळी, म्हणूनच लोक फसतात. डिकी वेगळी असलेल्या गाडीत मागच्या काचेखालच्या फळीवर प्लास्टिकच्या छोट्या झाकणाखाली असते, झाकणावर नांगर कोरलेला असतो. मागचा दरवाजा वर उघडणाऱ्या गाडीत बऱ्याचदा सीटच्या पाठीवर असते, काही मोठ्या गाड्यांत डिकीच्या फ्लोअरला किंवा थेट छताला. अंदाज लावायचाच नाही, गाडीचं मॅन्युअल काढायचं, त्यात पानभर चित्र असतं. हेडरेस्टच्या दांड्याला हुक अडकवलेले लोक मी बघितलेत, सामान बांधायच्या कडीला अडकवणारा तर मीच. दिसायला सगळ्या कड्या सारख्याच, पण एक वेल्डची आणि एक स्क्रूची.

पट्टी हेडरेस्टच्या वरून घ्यायची, दोन दांड्यांच्या मधून खालून घ्यायची, का हेडरेस्ट काढूनच टाकायचं, हेही गाडीचं मॅन्युअलच सांगतं. पट्टीला पीळ नको, सपाट बसली पाहिजे. आणि ओढून ढिल काढायची, पण इतकीही आवळायची नाही की सीटच वाकडी होईल.

मग तपासायचं कसं. आम्ही शॉपमध्ये म्हणायचो, प्ले किती आहे बघ, म्हणजे बसवलेली वस्तू किती हलते ते बघ. इथेही तेच. सीट बसवून झाली की जिथून लॉक किंवा बेल्ट जातो तिथेच, म्हणजे खाली, एका हाताने धरून डावी-उजवी आणि पुढे-मागे हलवायची. तिथे एक इंचापेक्षा, म्हणजे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त प्ले असेल तर सीट ढिली आहे. लोक काय करतात, सीटच्या डोक्याला धरून गदागदा हलवतात, ती वरती थोडी हलणारच, विशेषतः उलट्या तोंडाची सीट तर वरून हलतेच, त्यावरून काही ठरत नाही. आणि पैलवानासारखं सुद्धा हलवायचं नाही, शेकहँड करताना लावतो तेवढाच जोर.

हिरवा ठिपका दिसला म्हणजे लॉक बसला, हे खरं, पण पूर्ण खरं नाही. आमच्याकडे एकदा डावीकडचा हिरवा झाला आणि तरी सीट हलत होती, काढून बघितलं तर फटीत खडूचा तुकडा, एक नाणं आणि हेअरपिन, लॉक अर्धवटच गेलेला. तेव्हापासून सीट काढली की फटीत टॉर्च मारायची आणि बोट फिरवायचं, मगच बसवायची, आणि बसवल्यावर प्रत्येक बाजू वेगळी ओढून बघायची. पट्ट्यावरच्या हुकाची सीट असेल तर हुक उलटा नाही ना लागला तेही बघायचं, हुकाचं तोंड कुठल्या बाजूला ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं आणि उलटा हुक सुद्धा 'लागतो', हीच तर पंचाईत आहे.

तुमच्या लेखात वजनाची गोष्ट अजिबात नव्हती. या सळयांना मर्यादा आहे. युरोपच्या नव्या नियमात, त्याला आय-साइझ म्हणतात, २०१३ पासून आलाय, मूल अधिक सीट मिळून ३३ किलो. अमेरिकेत दोन्ही मिळून ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलोच्या आसपास. लोक मुलाचंच वजन धरतात आणि सीटचं विसरतात, आणि हल्लीच्या सीट काय हलक्या नसतात, आमची मी बाथरूममधल्या काट्यावर ठेवली, दहा किलोच्या वर भरली. म्हणजे मूल पंधरा-सोळा किलोचं झालं की हिशोबाला बसायचं आणि सीटच्या बाजूचं लेबल वाचायचं, तिथे मुलाचं किती वजन होईपर्यंत खालचे लॉक वापरायचे ते लिहिलेलं असतं. त्याच्या पुढे सीट गाडीच्या बेल्टने बांधायची. मात्र तोंड पुढे आहे तोपर्यंत वरची टेदर सोडायची नाही, बेल्टने बांधली तरी टेदर लावायचीच, सीटने किंवा गाडीने त्यालाही वजनाची अट घातली असेल तर तेवढी पाळून.

अजून एक, मधल्या सीटचं. मधली जागा सगळ्यात सुरक्षित असं ऐकून बरेच जण सीट मध्येच बसवायला बघतात, आणि मध्ये सळया नसतात, मग डावीकडच्या जागेची आतली एक आणि उजवीकडच्या जागेची आतली एक अशा दोन उसन्या घेतात. त्यांच्यातलं अंतर बहुतेक गाड्यांत २८० पेक्षा जास्त असतं. कडक लॉकवाली सीट तिथे बसतच नाही, पण पट्ट्यावरच्या हुकांची बसते, आणि बसली म्हणून चालते असं नाही. गाडीच्या आणि सीटच्या, दोन्ही मॅन्युअलमध्ये चालेल लिहिलं असेल तरच, नाहीतर मध्ये बेल्टने बांधा किंवा कडेला लॉकने बसवा. कडेला नीट बसवलेली ही मध्ये कशीबशी बसवलेल्यापेक्षा चांगली, एवढं मी छातीठोक सांगतो.

उलट्या तोंडाच्या सीटबद्दल तुमच्या लेखात 'एक वर्षापर्यंत' असं लिहिलंय, त्याला माझी हरकत आहे. आय-साइझमध्ये १५ महिन्यांच्या आत तोंड पुढे करायची परवानगीच नाही, आणि ती कमीत कमी, जास्तीत जास्त नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली वयाचा आकडाच काढून टाकला, म्हणाले सीटच्या वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटंच बसवा. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत उलटं बसवायची पद्धत आहे, तिथल्या बर्टिल अल्डमन नावाच्या डॉक्टर प्रोफेसरांनी १९६० च्या दशकात ही कल्पना आणली, अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर जोर घेत बसतात ते बघून. कारण सोपं आहे, नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा, आपलं किती, सातवा-आठवा. एवढं जड डोकं आणि खाली मान कसली, तर मणक्यांमध्ये अजून कूर्चा, हाड पुरतं झालेलंच नाही. पुढे तोंड असेल तर धडकेत अंग बेल्टने अडतं आणि डोकं मानेला ओढत पुढे जातं. उलटं असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. लोक म्हणतात पाय दुमडतात हो मुलाचे. दुमडू देत की, मुलं मांडी घालून तासन्‌तास बसतात.

फक्त एक, उलट्या तोंडाची सीट ज्याची एअरबॅग चालू आहे अशा पुढच्या सीटवर कधीही, कधीही बसवायची नाही. फुगा फुटतो तो थेट सीटच्या पाठीवर, आणि तिथेच बाळाचं डोकं असतं. गाडीच्या सनव्हायझरवर लाल-पिवळं चित्र असतं ते याचंच, आपण त्याच्याकडे आरसा बघताना रोज बघतो आणि एकदाही वाचत नाही.

उलट्या सीटमध्ये गिरकी थांबवायला बऱ्याचदा टेदर नसते, पुढे एक पाय असतो, बेसमधून म्हणजे सीटखालच्या बैठकीतून निघून गाडीच्या फ्लोअरवर टेकणारा. तो पाय हवेत नको आणि इतका लांब पण नको की बेस मागच्या सीटवरून उचलला जाईल. आणि पायाखाली काय आहे ते बघा, काही गाड्यांत मागे बसणाऱ्याच्या पायाखाली झाकण असलेला कप्पा असतो, वरून कार्पेट, खाली पोकळ. त्या झाकणावर पाय टेकवला तर धडकेत तो झाकणासकट आत जाणार. अशा गाडीला एकतर कप्प्यात भरायचा ठोकळा मिळतो नाहीतर मॅन्युअलमध्ये साफ लिहिलेलं असतं की पायवाली सीट इथे नको. मी हे वाचलं तेव्हा उठून जाऊन मुलीच्या गाडीत पायाने ठोकून बघितलं. भरीव होतं, बरं वाटलं.

अगदी लहान बाळाला सीट किती कलती हवी त्यासाठी बेसवर पाण्याचा बुडबुडा किंवा रेघ असते, ती गाडी सपाट जमिनीवर उभी करूनच बघायची, उतारावर नाही. सीट फार उभी झाली तर बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वास अडतो. हे धडकेबिडकेशिवाय, नुसत्या झोपेत होऊ शकतं, म्हणून आरशात अधूनमधून बघत राहायचं म्हणण्यापेक्षा मागे एक जण बसलेला बरा.

सीट दगडासारखी घट्ट बसवली आणि मूलच आत ढिलं ठेवलं तर उपयोग काय. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत घडी आली तर ढिला आहे, अजून ओढा. जाड जॅकेट घालून बांधायचंच नाही, जॅकेट दबतं आणि आत दोन बोटं जागा होते. आधी मूल बांधा, मग थंडी वाजत असेल तर जॅकेट उलटं करून वरून पांघरा. पट्टे उलट्या तोंडाला खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. नात मोठी होत गेली तसे आमचे पट्टे कधी वर सरकवायचे कोणाच्या लक्षातच येईना, शेवटी मी कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला 'पट्टा' असं लिहून ठेवलंय. मुलगी हसते. हसू दे.

जुनी सीट कोणाकडून घेताना सुद्धा बघा, खाली चिकटवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते आणि किती वर्षं वापरायची तेही बऱ्याच जणांनी लिहिलेलं असतं. मोठ्या धडकेतून गेलेली सीट वरून नवी दिसली तरी वापरू नये, आतल्या प्लास्टिकला गेलेली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. कास्टिंगला चीर गेली की आम्ही ते भंगारातच टाकायचो, कितीही महागाचं असो.

परवा आमच्याच बिल्डिंगखाली एक तरुण जोडपं नवीन सीट बसवत होतं, मी गॅलरीतून बघत होतो. त्याने खट्‌ खट्‌ केलं, तिने हिरवं बघितलं, दोघांनी एकमेकांना टाळी दिली, आणि मागे ती पट्टी लोंबकळत. मी खाली गेलो, म्हटलं बाळा, रागवू नकोस, पण ती मागची पट्टी राहिली. तो म्हणाला काका, ती एक्स्ट्रा असते ना? एक्स्ट्रा! मी म्हटलं असं तुला कोणी सांगितलं, तर म्हणे कोणी नाही, पण सगळ्या फोटोत तशीच असते. डिकी उघडून नांगराचं चित्र दोघांना दाखवलं, त्याचाच हात धरून हुक लावायला लावला आणि खालून प्ले बघायला सांगितलं. दहा मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

म्हणून विनंती अशी की पुढच्या पुरवणीत तोच फोटो परत छापा, त्याच आकारात, पण पट्टी लावलेला, आणि मागून काढलेला, म्हणजे हुक कुठे गेलाय ते दिसेल. फोटोग्राफरला मॉडेल म्हणून गाडी पाहिजे असेल तर आमची घेऊन या. 'क्लिक केलं की झालं' ही ओळ मात्र काढा. जाहिरातवाल्यांना मी काही सांगू शकत नाही, तुम्हाला सांगू शकतो, कारण रोज सकाळी तुमचा पेपर मी पैसे देऊन घेतो.

कळावे,
आपला एक जुना वाचक (आणि आबा)

ता.क. : पत्र बंद करणार तेवढ्यात मुलीने वाचलं आणि म्हणाली आबा, बूस्टरचं राहिलं. बरोबर आहे तिचं. बूस्टर म्हणजे मोठ्या मुलांना बेल्ट नीट बसावा म्हणून उंच बसवायची बैठक, तिला सुद्धा हल्ली खालचे लॉक येतात, ते फक्त बूस्टर जागेवर धरतात, मुलाला धरत नाहीत, मुलाला गाडीचाच तीन पॉइंटचा बेल्ट लागतो, कमरेला खाली मांड्यांवरून आणि वर खांद्याच्या मधोमध. आणि बूस्टरला लॉक नसतील तर मूल बसलेलं नसताना रिकामं बूस्टर सुद्धा बेल्टने बांधून ठेवा, नाहीतर ब्रेक दाबला की ते मागून तुमच्याच डोक्यात येईल.